आपल्या महाराष्ट्रातील सात नैसर्गिक आश्चर्ये: कुठे आहेत, कशी घडली, कधी पाहावीत

जुळे सोलापूर : घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरत असतो. ऑस्ट्रेलियातले गुलाबी तळे, आयर्लंडमधले षटकोनी दगड, चीनमधले रंगीत डोंगर. खाली कुणी 'सुब्हानअल्लाह' लिहितो, कुणी अंगठा दाखवतो आणि मेसेज पुढच्या ग्रुपवर जातो. मुले फोटो पाहतात आणि त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसते, की नवल करण्यासारखे जे काही आहे ते परदेशात आहे. आपल्याकडे काय, तर ऊन, धूळ आणि दुष्काळ.

आम्ही शाळेत मुलांना विचारतो, "महाराष्ट्रातले एक नैसर्गिक आश्चर्य सांगा." बहुतेक हात वेरूळ-अजिंठ्यासाठी वर होतात. वेरूळ-अजिंठा अप्रतिमच आहे, पण ते माणसाच्या छिन्नीचे काम. माणसाचा हात न लागता घडलेले असे काही आपल्याकडे आहे का? आहे, आणि पुष्कळ आहे. वर सांगितलेल्या परदेशी नवलांपैकी काहींची सख्खी भावंडे आपल्याच राज्यात आहेत. एसटीने, रेल्वेने, फार तर भाड्याच्या गाडीने जाता येईल इतक्या अंतरावर.

म्हणून हा लेख. प्रत्येक ठिकाण कुठे आहे, कसे घडले, जगात त्याच्यासारखे दुसरे कुठे आहे आणि पाहायला कधी जावे, हे एका जागी मांडले आहे. सुट्टीचा बेत आखताना किंवा मुलांना प्रकल्प करताना उपयोगी पडेल.

आधी पायाखालचा दगड समजून घेऊ

सोलापूर भागात कुठलीही जुनी विहीर वाकून पाहा. वर काळी माती, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कठीण पाषाण दिसतो. हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. उर्दू माध्यमातली मुले ज्याला आतिशफिशां म्हणतात आणि मराठी माध्यमातली मुले ज्वालामुखी, त्याच्या पोटातून आलेला.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. चित्रात असतो तसा एकच शंकूच्या आकाराचा डोंगर फुटला, असे झाले नाही. भेगांतून लाव्हा पाण्यासारखा पसरला, थिजला, पुन्हा नवा थर आला, पुन्हा थिजला. हे लाखो वर्षे चालले. आज या खडकाने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. सह्याद्रीच्या कड्यांना ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. म्हणूनच या खडकांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

आपली कापसाची आणि ज्वारीची काळी माती याच दगडाची झीज होऊन बनली. आणि पुढची बहुतेक आश्चर्येही याच दगडातून निघाली.

1. गिल्बर्ट हिल, अंधेरी, मुंबई : उभ्या खांबांचा डोंगर

मुंबईत अंधेरी पश्चिमेला, दाटीवाटीच्या वस्तीत आणि इमारतींच्या मध्ये एक काळा सरळसोट कडा उभा आहे. उंची सुमारे 200 फूट. नीट पाहिले तर तो एकसंध नाही. दगडाचे उभे खांब एकमेकांना चिकटवून ठेवावेत तसा दिसतो.

हे खांब कुणी घडवले? कुणीच नाही. लाव्हा थंड होताना आकसतो आणि आकसताना त्याला तडे जातात. आपल्याकडे उन्हाळ्यात तळे आटले की तळाच्या काळ्या मातीला पाच-सहा बाजूंच्या भेगा पडतात, ते सर्वांनी पाहिले आहे. तसेच हे. फरक एवढाच की मातीत भेग वीतभर खोल जाते आणि लाव्हा जसजसा आतून थंड होतो तसतशी भेग खोल खोल जात राहते. त्यातून लांब खांब तयार होतात.

उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे येथे असे सुमारे 40 हजार खांब समुद्रकाठी आहेत. अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर याच जातीचा. जवळचे उदाहरण हवे तर कर्नाटकात उडुपीजवळ सेंट मेरी बेटांवर असेच खांब आहेत.

आयर्लंडचे खांब पाहायला जगभरातून लोक येतात. आपल्या गिल्बर्ट हिलच्या मात्र चारही बाजूंनी दगड फोडून नेला गेला आणि मध्ये हा एक तुकडा उरला. 2007 मध्ये मुंबई महापालिकेने त्याला वारसा दर्जा दिला. मुंबईत आपले कितीतरी नातेवाईक अंधेरी, जोगेश्वरीत राहतात. त्यांच्याकडे लग्नाला, ईदला गेलात की मुलांना एकदा हा कडा दाखवून आणा. अंधेरी स्टेशनवरून रिक्षाने जाता येते.

2. निघोजचे रांजणखळगे : पाण्याने कोरलेले दगड

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात पारनेर तालुक्यातले निघोज हे गाव. तिथून कुकडी नदी जाते. नदीच्या पात्रात काळ्या दगडात शेकडो गोल खड्डे आहेत. काही घागरीएवढे, काही माणूस उभा राहिला तर दिसणार नाही इतके खोल. कडा अशा गुळगुळीत की जणू लेथ मशीनवर फिरवून काढल्या आहेत. आकार रांजणासारखा, म्हणून नाव रांजणखळगे.

यामागचे तंत्र साधे आहे. नदीला पूर आला की पाण्यात भोवरे तयार होतात. दगडाच्या एखाद्या लहान खळग्यात गोटे अडकतात. भोवरा ते गोटे गरागरा फिरवतो. गोटा फिरतो, दगड घासतो. जात्यात दाणे भरडावेत तसे हे काम दर पावसाळ्यात चालते. गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात नवा गोटा येतो. हजारो पावसाळ्यांत खळगा रांजणाएवढा होतो. अजूनही काही रांजणांच्या तळाशी गोल गोटे पडलेले सापडतात. ती या कारागिराची हत्यारे.

दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवर बर्क्स लक नावाचे असेच प्रसिद्ध खळगे आहेत. तिथे वर पूल आणि कठडे बांधून लोकांना सुरक्षित अंतरावरून दाखवतात.

निघोजला जावे ते पावसाळा संपल्यावर, पात्र उघडे पडते तेव्हा. पुण्याकडून शिरूरमार्गे रस्ता आहे. एक गोष्ट आवर्जून सांगतो. ओला बेसॉल्ट साबणासारखा निसरडा असतो आणि खळग्याच्या कडा आतून गोल असल्यामुळे पडलेल्या माणसाला धरायला काही मिळत नाही. पोहता येणाराही अडकू शकतो. लहान मुलांचा हात सोडू नका आणि काठावर उभे राहून सेल्फी तर मुळीच नको.

3. लोणार सरोवर : आकाशातून आलेला घाव

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर. एक गोल खड्डा, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास आणि तळाशी खारे पाणी. आकाशातून मोठी उल्का, उर्दूत ज्याला शहाब-ए-साकिब म्हणतात, वेगाने येऊन बेसॉल्टवर आदळली आणि हा खड्डा झाला.

कुणी विचारेल, हे ज्वालामुखीचे तोंड कशावरून नाही? पूर्वी अनेकांचा तोच समज होता. पण खड्ड्यातल्या दगडांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली. ती ज्वालामुखीत बनत नाही. प्रचंड जोराच्या आघातानेच खनिजाचे असे रूप होते. म्हणजे दगडानेच साक्ष दिली.

सरोवराचे वय किती यावर शास्त्रज्ञांत मतभेद होते. आधीच्या एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षे आले. नंतर आर्गॉन पद्धतीने मोजले तेव्हा सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे आले. विज्ञान असेच चालते. चांगले साधन मिळाले की जुने उत्तर पुन्हा तपासले जाते.

बेसॉल्टमध्ये उल्केने पाडलेला आणि इतका चांगला टिकलेला खड्डा पृथ्वीवर दुर्मिळ. चंद्राच्या पृष्ठभागावरही बेसॉल्ट आहे आणि तिथेही असे खड्डे आहेत. त्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे लोणारचे दगड तपासतात. ज्यांना चंद्रावर जाता येत नाही त्यांनी बुलढाण्याला जावे, असे आम्ही मुलांना गमतीने सांगतो.

लोणारची ओळख नवी नाही. अकबराच्या दरबारातील अबुल फजल यांच्या 'आईन-ए-अकबरी'त या जागेचा आणि इथल्या क्षारांचा उल्लेख आहे. काच आणि साबण बनवण्यासाठी हे क्षार वापरले जात. 1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली.

जून 2020 मध्ये लॉकडाऊन चालू असताना लोणारचे पाणी अचानक गुलाबी झाले. तेव्हा सोशल मीडियावर काय काय अर्थ काढले गेले! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी कमी झाले, खारेपणा वाढला आणि अतिखाऱ्या पाण्यात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असते. गंमत म्हणजे नमुना काही काळ स्थिर ठेवला की जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी पुन्हा नितळ झाले. ऑस्ट्रेलियातल्या ज्या गुलाबी हिलियर तळ्याचे फोटो आपण पुढे पाठवतो, त्याचा रंगही मिठाच्या पाण्यात राहणाऱ्या अशाच सूक्ष्मजीवांमुळे आहे.

नोव्हेंबर 2020 मध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पण हे सरोवर खारे आहे म्हणूनच वेगळे आहे. त्यात गोडे पाणी आणि गावाचे सांडपाणी जास्त गेले तर खारेपणा कमी होईल आणि त्या खारेपणावर जगणारी सगळी सृष्टी बदलेल. ही काळजी अभ्यासक वर्षानुवर्षे मांडत आहेत. छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबाद) लोणार साधारण दीडशे किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. खाली उतरायचे तर पाण्याची बाटली आणि चांगले बूट हवेत.

4. उजनीचे रोहित पक्षी : खाण्यातून आलेला रंग

आता आपल्या घरच्या आश्चर्याकडे येऊ. उजनी धरण भीमा नदीवर 1980 मध्ये पूर्ण झाले. सोलापूरकरांच्या नळाला येणारे पाणी याच धरणाचे. धरण माणसाने बांधले, पण त्याच्या फुगवट्याच्या उथळ काठावर जे येतात त्यांना कुणी दावत दिलेली नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत इथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, थव्यांनी उतरतात. पुणे जिल्ह्याच्या हद्दीत भिगवण आणि कुंभारगाव ही त्यांना पाहण्याची ओळखीची ठिकाणे.

रोहित जन्मतः गुलाबी नसतो. पिल्लू राखाडी-पांढरे असते. शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव यांत असलेली रंगद्रव्ये पोटात गेली की हळूहळू पिसांत रंग उतरतो. गाजर लाल करणारे रंगद्रव्यही याच कुटुंबातले. त्याची चोचही अजब. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो, चिखल-पाणी आत घेतो आणि चाळणीतून गाळावे तसे अन्न ठेवून पाणी बाहेर टाकतो.

टांझानियातील नेट्रॉन सरोवरात लाखो लहान रोहित घरटी करतात. तिथले पाणी इतके दाहक असते की शिकारी प्राणी सहसा फिरकत नाहीत, म्हणून पिल्ले वाचतात.

उजनीत पुण्याकडून मुळा-मुठेचे मैले पाणी भीमेवाटे येते. पक्षी काही काळ राहून उडून जातात, पण पाणी पिणारे आपण इथेच असतो. रोहित पाहायला गेलात तर मुलांना हाही धडा सांगा. सोलापूरहून भिगवण दीडशे किलोमीटरच्या आसपास, पुणे महामार्गावर, आणि भिगवणला रेल्वे स्टेशनही आहे. पहाटे पोहोचणे चांगले. स्थानिक मच्छीमार बांधव होडीतून नेतात. नावाड्याला थव्यात होडी घालायला सांगू नका. घाबरून उडालेला पक्षी खाणे सोडतो आणि दमतो.

5. कास पठार, सातारा : दगडावरची बाग

साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर कास पठार. ऑगस्ट अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलांचे गालिचे दिसतात. कधी पिवळे, कधी जांभळे, कधी पांढरे. दर काही दिवसांनी रंग बदलतो. पश्चिम घाटातील ज्या जागा 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या, त्यांत कास आहे. इथे फुलझाडांच्या 850 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

खरे नवल रंगांचे नाही, तर जमिनीचे आहे. इथे जांभा दगडावर मातीचा फार पातळ थर आहे. मोठी झाडे मुळे धरू शकत नाहीत. पावसाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात दगड तापतो. म्हणून लहान रोपांना पावसाच्या चार महिन्यांतच उगवून, फुलून, बी धरून संपायचे असते. मातीत नत्र कमी असल्यामुळे काही रोपे किडे पकडून ती उणीव भरतात. दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानांवर चिकट थेंब असतात. किडा बसला की अडकला. सीतेची आसवं हे नाजूक फूल दिसायला गरीब, पण त्याच्या बुडाशी बारीक पिशव्या सूक्ष्म जीव शोषून घेतात.

टोपली कारवी ही आणखी एक हैरत. ती सात वर्षांनी एकदाच फुलते. केरळमधील मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. दक्षिण अमेरिकेत चिलीच्या अटाकामा वाळवंटात चांगला पाऊस झालेल्या वर्षीच बी उगवते आणि वाळवंट फुलांनी भरते.

कासला गर्दीमुळे फुले तुडवली जाऊ लागली, तेव्हा रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आणि आधी नोंदणी अशी पद्धत सुरू झाली. त्यामुळे निघण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करा. आणि फोटोसाठी फुलांत बसू नका. एक चादर टाकली की पुढच्या वर्षीचे बी दबते.

6. इंद्रवज्र आणि उलटा धबधबा : उजेडाचा आणि वाऱ्याचा खेळ

अहिल्यानगर जिल्ह्यात हरिश्चंद्रगडावर कोकणकडा आहे. आत वळलेला, छातीत धडकी भरवणारा. पावसाळ्यानंतर कधीकधी खालच्या दरीत धुके असते आणि पाठीमागे सूर्य. अशा वेळी धुक्यावर पूर्ण गोल रंगीत कडे दिसते आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याचीच सावली. याला इंद्रवज्र म्हणतात. 19व्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. विमानातून खाली ढगांवर विमानाची सावली आणि तिच्याभोवती रंगीत कडे दिसते, तेही हेच. हजला, उमऱ्याला किंवा आखाताला जाणाऱ्यांनी सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मिळाल्यास जरूर पाहावे.

इंद्रवज्र आणि इंद्रधनुष्य, म्हणजे उर्दूतले कौस-ए-कुजह, ही दोन्ही पाण्याच्या थेंबातून उजेड परतल्यामुळे दिसतात, पण इंद्रवज्राचे थेंब फार बारीक असतात आणि त्यामागचे गणित वेगळे आहे. इंद्रधनुष्याचे कोडे सोडवण्यात मोठा वाटा आहे तो कमालुद्दीन अल-फारिसी या विद्वानाचा. इब्न अल-हैसम यांच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाचा अभ्यास करून, 14व्या शतकाच्या सुरुवातीला, त्यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोळा हा पावसाचा मोठा थेंब मानला आणि प्रयोग केला. उजेड थेंबात शिरताना वळतो, आतल्या बाजूने परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो, हे त्यांनी दाखवले. जवळपास त्याच सुमारास युरोपातही एकाने हेच उत्तर शोधले. घरी करून पाहायचे तर सकाळी सूर्याकडे पाठ करून बागेच्या पाइपने बारीक फवारा मारा. शाळेत हा प्रयोग केला की मैदानावर दंगा होतो, पण धडा मात्र कुणी विसरत नाही.

जुन्नरजवळचा नाणेघाट हा सातवाहन काळातला व्यापारी मार्ग. तिथे जोराच्या पावसात धबधबा वर उडताना दिसतो. पाणी उतरायचे विसरत नाही. समुद्राकडून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि पडणारे पाणी थेंबाथेंबांत उडवून पुन्हा माथ्यावर आणतो. वारा मंदावला की धबधबा सरळ पडतो. असा वारा माणसालाही ढकलू शकतो, म्हणून कड्यापासून दूर उभे राहावे. कोकणकड्याची चढाई कठीण आहे. जाणकार सोबत असल्याशिवाय आणि भर पावसात कुटुंबासह जाऊ नये.

7. नान्नजचे माळरान : सोलापूरच्या दारातले आश्चर्य

शेवटचे ठिकाण सर्वांत जवळचे. सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज. इथे डोंगर नाही, धबधबा नाही. फक्त गवत आणि वर आभाळ. पण हे माळरान एका अशा पक्ष्याचे घर होते जो जगात फक्त भारतीय उपखंडातच आढळतो. तो म्हणजे माळढोक.

माळढोक उभा राहिला की सुमारे एक मीटर उंच. नराचे वजन 15 किलोपर्यंत जाते. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्याला समोरचे नीट दिसत नाही, कारण डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत. विजेची तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि जड अंगामुळे चटकन वळताही येत नाही.

1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोक नाराज झाले. पुढे क्षेत्र कमी करून ते 1,222 चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान माळावर शेती वाढली, पाणी आले, पिके बदलली, तारा आल्या. आज नान्नजला माळढोक दिसणे अत्यंत दुर्मिळ झाले आहे. संपूर्ण जगात हे पक्षी दीडशेच्या आतच उरले आहेत, आणि तेही मुख्यतः राजस्थानात.

पूर्ण निराश होण्याचे कारण नाही. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात अंडी गोळा करून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. 2024 मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मले. या कामात अबुधाबीच्या अनुभवाचा उपयोग झाला आहे, कारण तिथे माळढोकाचा चुलतभाऊ असलेल्या हुबारा पक्ष्याची पैदास अनेक वर्षांपासून केली जाते. पण पिल्ले वाढली तरी त्यांना सोडायला गवताचे माळ हवेतच. माळ ही 'पडीक जमीन' आहे, तिथे झाडे लावली की पुण्य, असे आपल्याला वाटते. माळावर दाट झाडे लावली तर माळाचे प्राणी जातात. झाडे जरूर लावा, पण वस्तीत, रस्त्याकडेला, शाळेत. माळाला माळ राहू द्या.

नान्नजला आजही काळविटांचे कळप दिसतात, आणि नशीब असेल तर लांडगा, खोकड. पहाटे किंवा सूर्य कलताना जावे, वन विभागाच्या सूचना पाळाव्यात, गाडीतला आवाज बंद ठेवावा.

एक खुलासा : नळदुर्गचा धबधबा

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गचे नर-मादी धबधबे अनेक जण नैसर्गिक समजतात. ते नैसर्गिक नाहीत. बोरी नदीवर किल्ल्याला जोडून बांधलेल्या दगडी बंधाऱ्यावरून ते पडतात आणि त्याच बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, 17व्या शतकाच्या सुरुवातीचे. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांची ही कमाल अवश्य पाहा, पण प्रकल्पाच्या वहीत 'मानवनिर्मित' या रकान्यात लिहा.

फोटो पुढे पाठवण्यापूर्वी

मुलांना आम्ही तीन प्रश्न विचारायला शिकवतो. जागेचे नाव आणि देश दिला आहे का? तो फोटो कोणत्या ऋतूतला आहे आणि नेहमी असेच दिसते का? रंग वाढवलेले तर नाहीत? चीनमधील झांगये आणि पेरूमधील विनिकुंका येथील रंगीत डोंगर खरे आहेत, पण फिरणाऱ्या अनेक फोटोंत त्यांचे रंग भडक केलेले असतात. प्रत्यक्षात जाणारा माणूस मग निराश होतो आणि खऱ्या कुदरतीलाच फिके म्हणतो. खऱ्या गोष्टीला खोट्या रंगाची गरज नसते. आणि कारण समजले म्हणून नवल कमी होत नाही. रोहित गुलाबी का, हे कळलेले मूल त्याच्याकडे जास्त वेळ पाहत राहते.

थोडक्यात : कुठे, कधी

गिल्बर्ट हिल : अंधेरी पश्चिम, मुंबई. वर्षभर, पावसाळा टाळून.
निघोज : तालुका पारनेर, अहिल्यानगर. पावसाळा संपल्यावर.
लोणार : बुलढाणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
उजनी, भिगवण : हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, पहाटे.
कास : सातारा. ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, आधी नोंदणी.
हरिश्चंद्रगड : अहिल्यानगर. पावसाळ्यानंतर, जाणकारासोबत.
नाणेघाट : जुन्नर, पुणे. पावसाळ्यात, कड्यापासून दूर राहून.
नान्नज : उत्तर सोलापूर. हिवाळा, पहाटे किंवा सायंकाळी.

सातही ठिकाणे एका वर्षात होणार नाहीत, तशी घाईही नाही. सोलापूरकरांनी सुरुवात नान्नजपासून करावी. खर्च पेट्रोलचा आणि घरून नेलेल्या डब्याचा. बाकीची आश्चर्ये पुढच्या पिढीलाही पाहायला मिळतील अशी आशा आहे. माळरानाबद्दल मात्र तशी खात्री देता येत नाही. आजोबांनी माळढोक पाहिला, अब्बांनी त्याच्याबद्दल ऐकले आणि मुलांनी फक्त पुस्तकात वाचला, असे आपल्याच तालुक्यात घडते आहे. माळाची ओळख असलेली मुलेच उद्या तो वाचवायला उभी राहतील. तेव्हा पुढच्या रविवारी त्यांना घेऊन जा.